तिसऱ्या बटणाइतकी

नवा बोर्ड खांबाला टेकवून त्याने सवयीने हात छातीपाशी आडवा धरला आणि तो तिथेच थबकला. सवय तशी हसण्यावारी नेण्यासारखी होती. बागेतल्या कुठल्याही राइडच्या दाराशी उंचीची रेषा दिसली, की त्याचा हात आपला आपण वर यायचा, तळवा जमिनीकडे, अंगठा शर्टाच्या तिसऱ्या बटणाला टेकलेला. त्याच्या थोरल्या बहिणीचं, ताईचं, डोकं तिथवर यायचं. ताई त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी, पण अंगाने वाढायची ती लहानपणीच थांबली होती, आणि तो मात्र दोघांच्या वाटणीचं आपणच घेतल्यासारखा वाढत सुटला होता. ‘वादळ’ नावाच्या रोलर कोस्टरच्या दाराशी आजवर रेषा त्या अंगठ्याच्या जराशी खाली असायची. नव्या बोर्डावरची रेषा अंगठ्याच्या वर होती. दुसऱ्या बटणाच्याही वर. त्याने टेप काढून जमिनीपासून पुन्हा मोजलं, मग फरशीच कुठे खचली आहे का ते पाणसळ ठेवून पाहिलं. फरशी चांगली सपाट होती. पाणसळीच्या नळीतला बुडबुडा मधोमध येऊन शांत बसला, आणि त्याला त्या बुडबुड्याचाच राग आला.

बागेत सगळे त्याला बोर्डवाले म्हणत. तिकीटखिडकीवरच्या दरांपासून ते संडासाच्या दारावरच्या बाईमाणसाच्या चित्रापर्यंत, लोकांनी वाचायचं जे जे म्हणून असेल ते लावणं, पुसणं, बदलणं त्याच्याकडे. यंदा बागेने सगळ्या राइडच्या दारातले बोर्ड बदलायला काढले होते. जुने बोर्ड पत्र्याचे, हाताने रंगवलेले. त्यांच्यावर एक ढेरपोट्या विदूषक, एक हात आडवा पसरून उभा, आणि खाली लिहिलेलं, ‘माझ्या हाताइतके उंच आहात? मग या, या!’ नवे बोर्ड पांढऱ्या प्लॅस्टिकचे. विदूषकाची सुट्टी झाली होती. त्याच्या जागी एक लाल रेषा, आणि रेषेखाली चौकटीचौकटींत चित्रं: तडा गेलेलं हृदय, पोटुशी बाई, कंबर धरून वाकलेला म्हातारा, चष्मा, चपला, मोबाइल, आणि प्रत्येकावर तिरकी लाल रेघ. वाचता वाचता माणसाला आपण घरीच बरे होतो असं वाटावं. हे सगळं तो गेले काही दिवस निमूटपणे करत आला होता. कपबश्यांचा बोर्ड काढला, टक्करगाड्यांचा काढला, भूतघराचा काढला. गोदामात विदूषक एकावर एक पालथे पडत गेले आणि त्याला त्यांचं काही वाटलं नाही. गुडघे दुखत होते, शिडी चढता-उतरता दम लागत होता, आणि संध्याकाळी घरी जाऊन पाय गरम पाण्यात घालायचे एवढंच डोक्यात असायचं. बाकी कुठल्याही राइडची रेषा जागची हललेली नव्हती. हलली ती नेमकी वादळची.

तो इंजिनिअर मॅडमकडे गेला. मॅडम वयाने त्याच्या मुलीसारख्या, डोक्यावर पिवळी टोपी, हातात नेहमी काहीतरी अर्धवट खाल्लेलं. “मॅडम, वादळची रेषा छापताना चुकली का? जुनीपेक्षा वर आलीय.”

“चुकली नाही काका, वर घेतलीय. सीटा बदलल्या ना. पूर्वीचा दांडा पोटावर यायचा, नवा मांडीवर येतो. लहान अंगाच्या माणसाला तो घट्ट बसत नाही, खाली फट राहते. उलट्या वळणावर माणूस त्यातून सुटेल.”

“मोठं माणूस असलं तरी?”

“दांड्याला वय कुठं कळतंय?” त्या हसल्या, मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून थांबल्या. “का हो? कुणी आहे का?”

“नाही, नाही. सहज विचारलं.” तो म्हणाला. आयुष्यभर तो ताईबद्दलचं सगळं काही असंच सहज विचारत आला होता. दुकानात सहज विचारायचं, खालच्या फळीवर काही आहे का. सिनेमाला सहज विचारायचं, पुढची खुर्ची मिळेल का. समोरच्याला कळायचं, त्याला कळायचं, आणि ताईलाही कळायचं. फक्त तिघांपैकी कुणी ते ओठांवर आणायचं नाही, असा अलिखित करार होता. मॅडमनी मान डोलावली आणि त्या उरलेला घास खायला लागल्या.

रविवार तीन दिवसांवर आला होता. वर्षातला एक रविवार बाग आपल्या कामगारांच्या घरच्या माणसांसाठी राखून ठेवायची, आणि वादळ, जी नव्या सीटांसाठी बंद होती, ती त्याच रविवारी उघडायची होती. ताई दरवर्षी यायची. बाकी कशातच बसायची नाही. वादळमध्ये बसायची, एकदा, त्याच्या शेजारी, आणि मग दिवसभर खूश. पहिल्यांदा ती आली ते वर्ष त्याला लख्ख आठवत होतं. तो नुकता नोकरीला लागलेला. दारापाशी येईपर्यंत तो मनात बोलायची वाक्यं जुळवत होता, कारण ताईबरोबर कुठल्याही दारातून आत जायचं म्हणजे आधी दाराची समजूत काढावी लागायची. बसमध्ये कंडक्टर न बघताच अर्धं तिकीट फाडायचा. बँकेत शिपाई विचारायचा, बाळ, आई कुठाय. ताई एका मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोनवर बसायची. तिचा आवाज भारदस्त, सावकाश, मोठमोठे डॉक्टर तिच्याशी अदबीने बोलत, आणि तेच डॉक्टर जिन्यात भेटले की तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत निघून जात. पण वादळच्या दारात कुणी काही विचारलं नाही. ताई विदूषकाच्या हाताखाली जाऊन उभी राहिली, हात तिच्या केसांच्या खाली आला, दारावरच्या माणसाने शिट्टी वाजवली, आणि ती आत गेली. बस्स. कुणाची मेहेरबानी नाही, कुणाचं गोड हसणं नाही. पत्र्याचा एक विदूषक ‘या, या’ म्हणाला आणि ती गेली. त्या दिवशी पहिल्या चढावर गाडी कड्याशी आली तेव्हा ताईने दोन्ही हात वर केले आणि अशी काही ओरडली, की तो घाबरून राइडऐवजी तिच्याकडेच बघत राहिला. इतका मोठा आवाज तिच्यात आहे हे त्याला माहीतच नव्हतं.

आता तो खांबाशी उकिडवा बसला होता, ड्रिल मांडीवर, आणि त्याला उगाचच मावशीचं घर आठवत होतं. तिथे स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या; मावशीच्या मुलांची दर वाढदिवसाला उंची मोजायची आणि रेघ मारायची. एकदा सुट्टीत मावशीने त्याला चौकटीशी उभं केलं, डोक्यावर पुस्तक ठेवलं आणि रेघ ओढली. “बघा बघा, किती सुटलाय हा!” ती म्हणाली. आईने पदर ओला केला आणि पुढे होऊन ती रेघ पुसून टाकली. “चला, उशीर होतोय,” म्हणाली. कसला उशीर होत होता कोण जाणे. ते तर मुक्कामाला आले होते. त्यांच्या स्वतःच्या घरात कुणाला कधी मोजलंच नाही. शिंप्याकडे माप द्यायला माणूस जात नसे, जुना कपडा जायचा. भिंतीवरचा आरसा असा टांगलेला, की एका वेळी एकालाच बघता यावं. कपड्यांचा उलटा प्रवास कधी सुरू झाला तेही कुणी बोललं नाही. आधी ताईचे स्वेटर त्याला यायचे. मग एका थंडीत आईने त्याचा आखूड झालेला स्वेटर काही न बोलता ताईच्या घडीवर ठेवला, आणि ताईने काही न बोलता तो घातला. तो आठवीत होता की सातवीत, कोण जाणे. त्या थंडीपासून तो पोक काढून चालायला लागला. शाळेत मास्तर पाठीत बुक्की मारून म्हणायचे, ताठ उभा राहा. तो ताठ व्हायचा आणि घराच्या वळणावर आला की पुन्हा मिटायचा. “ताईंच्या शेजारी चालताना तुम्ही घडीच्या खुर्चीसारखे होता,” त्याची बायको लग्नानंतर पहिल्याच महिन्यात म्हणाली होती. बायकोला बारीक नजर होती. तिच्यासमोर काही लपत नसे, म्हणून तो तिच्यासमोर जरा कमीच बोलायचा.

त्याने बोर्ड खाली सरकवला. आधी थोडासा, मग आणखी थोडा, रेषा अंगठ्याखाली येईपर्यंत. मग खुणा केल्या, भोकं पाडली, प्लॅस्टिकच्या गुल्ल्या ठोकल्या आणि स्क्रू आवळले. ड्रिलच्या आवाजात डोक्यातलं काही ऐकू येत नव्हतं तेवढं एक बरं होतं. बोर्डाचा खालचा काठ आता फरशीला टेकायला आला होता, आणि कंबर धरलेला म्हातारा जमिनीतून उगवल्यासारखा दिसत होता. पण बोर्ड किती खाली आहे हे बघतो कोण? लोक रेषा बघतात, आपलं पोर बघतात आणि पुढे सरकतात. वादळचा दारवान, ज्याला बाग शिट्टीवाला म्हणूनच ओळखायची, शेजारी उन्हात बसला होता. त्याने मान तिरकी करून बोर्ड पाहिला. “झकास,” तो म्हणाला आणि पुन्हा डोळे मिटले. माणूस भला होता.

ताई त्या दिवशी जेवायला आली. आठवड्यातून एकदा ती यायची, जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून खालूनच ओरडायची, “उंटा, पंखा लाव!” घरी तो तिचा उंट होता. जेवताना ती हॉस्पिटलातल्या गमती सांगत होती. कुणा बाईने फोनवर तिच्या आवाजाला मागणी घातली होती, आपल्या विधुर भावासाठी. “म्हटलं, बाई, आवाजाबरोबर बाकीची मीही येते, चालेल का?” ताई हसली, बायको हसली, तोही हसला. मग ताई म्हणाली, “रविवारी लवकर निघू रे. नवीन सीटा आहेत म्हणे. मला पहिल्या रांगेतली हवी.” घास त्याच्या तोंडातच फिरत राहिला. आत्ता सांगावं, आत्ता, बायको पाणी आणायला गेलीय तोवर. काय सांगायचं? की दांडा बसत नाही? की रेषा वर गेली? की खाली आणलीय? पाणी आलं. तो म्हणाला, “हो, लवकर निघू.” बायकोने त्याच्याकडे एकवार पाहिलं आणि ताईच्या पानात आणखी भात वाढला. ताई गेल्यावर भांडी विसळता विसळता तिने विचारलं, “काय झालंय?” “काही नाही, थकलोय.” ते खोटंही नव्हतं. हा थकवा कामाचा नव्हता, झोपेने जाणारा नव्हता. एखादी गोष्ट कुणाच्या पायावर पडू नये म्हणून वर्षानुवर्षं हातात धरून उभं राहावं, आणि खाली ठेवायला कुणी सांगूच नये, तसा तो थकला होता.

दुसऱ्या दिवशी वादळची चाचणी होती. प्रत्येक सीटवर वाळूची पोती बसवली होती, माणसांच्या वजनाची, आणि गाडी रिकाम्या बागेत धडधडत फिरून आली. मॅडम दांडे तपासत होत्या. तो झाडूवाल्याशी बोलायचं निमित्त करून पहिल्या रांगेपाशी गेला, आणि कुणी बघत नाही असं पाहून, त्याने नवा दांडा खाली ओढला. दांडा खटकन् एका जागी येऊन अडला. त्याने खाली हात घातला. तळवा गेला, मनगट गेलं, कोपर गेलं. ताईच्या मांड्या किती, हे त्याने आयुष्यात कधी मनात आणलं नव्हतं, तसलं मनात आणणंही पाप वाटायचं. आणि आता तो दांड्याखालच्या फटीत हात घालून तेच मोजत बसला होता. गाडी उलट्या वळणावर आहे, ताईने दोन्ही हात वर केलेत, ती ओरडतेय, आणि मग आवाज शेजारून येत नाही, खालून येतो. त्याने हात इतक्या जोरात ओढला, की कोपर खरचटलं. ती पहिल्या सीटवर बसता कामा नये. कुठल्याच सीटवर बसता कामा नये. एवढं एक अगदी पक्कं झालं, आणि पक्कं झाल्याबरोबर त्याच्या मनाने, जुन्या सवयीने, वळसा शोधून काढला: बोर्ड आहे तिथेच राहू दे. ताईला आधीच सांगून ठेवायचं, तिने म्हणायचं, मला बरं वाटत नाहीये, आज नको. म्हणजे बसायचंही नाही आणि कुणी नाही म्हणायलाही नको. सोमवारी बोर्ड वर. संध्याकाळपर्यंत त्याला हे इतकं पटलं, की जीव भांड्यात पडल्यासारखं झालं.

शनिवारी संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमाराला, तो ताईच्या खोलीवर गेला. तळमजल्यावरची एकच खोली, पण तिथे सगळं तिच्या मापाचं: खुंट्या, ओटा, दिव्यांची बटणं, खिडकीची कडी. त्या खोलीत अडचण व्हायची ती त्याची. “वाक,” ताई मागे वळून न बघताच म्हणाली, आणि तरी दिव्याची शेड त्याच्या कपाळाला लागलीच. ती पलंगावर बसून उद्याच्या बुटांना नाड्या ओवत होती. चपला चालत नाहीत, हे बोर्डावर यायच्या कितीतरी आधीपासून तिला माहीत होतं.

“ताई, उद्या वादळ नको.”

“का? उघडत नाहीये का?”

“उघडतेय. पण तू नको बसू.”

तिने नाडी थांबवली. “काय झालंय, सरळ बोल.”

मग त्याने सांगितलं. नव्या सीटा, दांडा, फट. रेषा वर गेली तेही सांगितलं. तिथेच थांबला असता तर कदाचित निभावलं असतं. पण बांध फुटल्यावर पाणी थोडंच थांबतं, त्याने बोर्ड खाली आणल्याचंही सांगून टाकलं. “म्हणजे उद्या तुला कुणी अडवणार नाही. फक्त तू आपणहून म्हण, की बरं नाही वाटत. पोटाचं काहीतरी सांग. मी सोमवारी बोर्ड वर घेतो.”

ताईने हातातला बूट खाली ठेवला. बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली त्याचा आवाज आला. मग तिने अगदी सावकाश, टेलिफोनवरच्या आवाजात विचारलं, “म्हणजे बोर्ड म्हणणार, ये. आणि मी म्हणणार, माझं पोट दुखतंय.”

“हो.”

“आणि माझ्याएवढी पोरं येतील रांगेत, त्यांचंही पोट दुखणार आहे का?”

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. खरोखर आलं नव्हतं. तीन दिवस तो दांडा, फट, वळण यांचाच विचार करत होता, आणि त्या सगळ्यात त्याला एकच माणूस दिसत होतं. “शिट्टीवाल्याला सांगतो मी,” तो म्हणाला, “लहान मुलांना बघून सोड म्हणून.” बोलता बोलताच त्याला स्वतःची लाज वाटली.

“लहान मुलांना अडव आणि आमच्या ताईला सोड, पण ती जाणार नाहीये, तिचं पोट दुखतंय.” ताई पलंगावरून उतरली. रागावली की ती उभी राहायची. “काय रे हे? किती दमतोस तू हे सगळं करताना? आई अशीच दमली. माझ्यासाठी साऱ्या घराला वाकवून ठेवलंत तुम्ही. मावशीकडे त्या दिवशी मी वाट बघत होते, तुझी झाली की माझी रेघ मारतील म्हणून. कळलं? मला हवी होती. खाली तर खाली. आईने तुझीपण पुसून टाकली.”

“तुला वाईट वाटू नये म्हणून...”

“वाटू दे ना!” तिचा आवाज चढला, तोच, कड्यावरचा. “मला वादळ आवडते. फार आवडते. उद्या बसता येणार नाही म्हणून मला रडू येणार आहे. येऊ दे. ते माझं आहे. बाहेर दिवसभर लोक मला नाही म्हणतात, आणि घरी यावं तर सगळे असे बसलेले, जसं काही कुठे काही झालंच नाही. मग मी ते सांगायचं कुणाला? त्या कंडक्टरला?” ती धापा टाकत होती. मग एकदम खाली बसली. “एकदा तरी मला कमी पडू दे रे. तुमच्यासमोर.”

शेडला पुन्हा डोकं लागू नये म्हणून तो तसाच वाकून उभा होता.

“बोर्ड जिथे असायला हवा तिथे ने,” ताई शेवटी म्हणाली. “मी उद्या येणार. त्याच्याखाली उभी राहणार. आणि नाही म्हणायचं ते तू म्हणायचंस. शिट्टीवाल्याने नाही.”

रविवारी बाग उघडायच्या आधी त्याने स्क्रू काढले, बोर्ड वर घेतला, टेपने दोनदा मोजलं आणि नवी भोकं पाडली. खालच्या भोकांत पुट्टी भरून त्यावर रंगाचा हात फिरवला. मॅडम कॉफी पीत येऊन उभ्या राहिल्या, म्हणाल्या, “अजून चाललंय का याचं?” तो म्हणाला, “चुकून खाली लागला होता.” त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग खांबावरच्या ओल्या पुट्टीकडे, आणि त्यांचा चेहरा बदलला. “आज पोरांची गर्दी झाली असती याच्या भरवशावर, काका,” त्या म्हणाल्या. एवढंच. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

उन्हं वर आली तशी माणसं येऊ लागली. माळ्याची मुलं, तिकीटवालीची सासू, वेल्डरची जुळी, सगळे नवे कपडे घालून. विदूषक गेला हे पहिल्या पाचजणांनी विचारलं आणि मग कुणीच विचारलं नाही. वादळच्या दारात रांग लागली. त्याने बायकोला आणि ताईला दुरून पाहिलं. ताईच्या बुटांच्या नाड्या घट्ट बांधलेल्या, केस मागे ओढून गच्च बसवलेले, एरवी ती वर फुगवायची तसे नाहीत. म्हणजे ती इंचाचीही फसवाफसवी करणार नव्हती. एक क्षण त्याला वाटलं, आत्ता वीज जावी, गाडी अडकावी, पाऊस यावा, काहीही व्हावं. काहीही झालं नाही. ताईच्या पुढचं पोर बोर्डाखाली उभं राहिलं, रेषेच्या वर निघालं, शिट्टी वाजली आणि ते उड्या मारत आत गेलं. मग ताई आली आणि बोर्डाला पाठ लावून उभी राहिली.

लाल रेषा तिच्या डोक्याच्या बरीच वर होती. थोडीथोडकी नाही. इतकी वर्षं तो बटणाबटणाने मोजत आला होता, आणि प्रत्यक्षात ती अशी, सरळ, कुणालाही दिसावी इतकी वर होती. रांगेतली दोन-तीन माणसं बघत होती. शिट्टीवाला दुसरीकडे बघायला लागला. भली माणसं अशा वेळी दुसरीकडेच बघतात. त्याची शिट्टी ओठांत तशीच राहिली होती.

“बोल,” ताई म्हणाली.

“ताई,” तो म्हणाला. मग आणखी एकदा, “ताई.” त्याच्या मागे बायको उभी होती, तिने त्याला कोपराने ढोसलं नाही की काही सुचवलं नाही. “तुला नाही जाता येणार. तू रेषेच्या खाली आहेस.”

शब्द बाहेर पडले आणि काहीच कोसळलं नाही. ताईने मान वर करून रेषेकडे पाहिलं, बराच वेळ, नवीन शेजाऱ्याकडे बघावं तसं. मग ती बाजूला झाली. रांग पुढे सरकली, गाडी भरली, दांडे एकामागून एक खटखट खाली आले आणि वादळ पहिल्या चढाला लागली. ताई कठड्याला धरून वर बघत होती. गाडी कड्यावर पोचली, सगळे ओरडले, आणि तिचा चेहरा हळूहळू मोडत गेला. ओठ थरथरले, नाक लाल झालं, डोळे भरून आले आणि वाहायला लागले. एरवी अशा वेळी त्याच्या बुटाची नाडी सुटायची, किंवा त्याला चहा आठवायचा. आता तो बघत राहिला. त्याला फार वाईट वाटत होतं आणि तरी तो बघत राहिला.

“किती वाईट वाटतंय गं?” त्याने विचारलं. हे तो सहज विचारत नव्हता.

“खूप,” ताई म्हणाली, आणि त्याच्यापुढे हात करून तिने रुमाल मागितला.